ओढ

हात सैल सोडायचा आणि मनगट हळूच मागे वळवायचं. बोटं आपोआप तळहाताकडे येतात, अर्धी मूठ होते. मग मनगट खाली सोडायचं. बोटं आपोआप उघडतात. बोटांना यात कुणी काही सांगितलेलं नसतं. मनगट मागे गेलं की तळहाताच्या बाजूने जाणाऱ्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटांना आपल्याकडे ओढून घेतात. मूठ वळणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते वर, कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या नुसत्या दोऱ्या.

हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. समोर बसलेल्या डॉक्टरांनी माझं उजवं मनगट धरून मागे वळवलं. तर्जनी वळली, मधलं बोट वळलं, करंगळी वळली. अनामिका सरळ राहिली. त्यांनी दोनदा तेच करून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही गेल्यात."

"दोन्ही काय?"

"टेंडन. कंडरा म्हणतात मराठीत."

सात आठवड्यांपूर्वी धुताना काचेची बरणी हातात फुटली होती. जखम लहान होती, बोटाच्या मुळापाशी, जेमतेम दोन सेंटिमीटर. ज्या दवाखान्यात धावत गेले तिथे कातडीला तीन टाके घातले, पट्टी बांधली आणि घरी पाठवलं. "बोट वाकवून दाखवा" हे तीन शब्द तिथे कुणी उच्चारले नाहीत. मीही वाकवून पाहिलं नाही, कारण दुखत होतं, आणि सूज उतरली की बोट मोकळं होईल असं मी धरून चालले होते. त्या न विचारलेल्या वाक्याचा राग माझ्या मनात बरेच महिने होता. आता तो राग तितकासा नाही, पण कुणाचाही हात कापला की मी आधी बोटं वाकवायला लावते.

कंडरा. शब्द वाचलेला होता, वापरला कधीच नव्हता. आपण बोलताना सगळ्यालाच शीर म्हणतो. शिरेवर शीर चढते, शीर आखडते, शीर दबते. रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा या तिघींना एकाच शब्दात कोंबून आपण मोकळे होतो. ‘स्नायू’ची गोष्ट तर आणखी गमतीची. शाळेत आपण स्नायू म्हणजे मांस आखडून हालचाल करणारा भाग असं शिकतो. सुश्रुतसंहितेत मात्र मांसासाठी पेशी हा शब्द आहे आणि स्नायू म्हणजे बांधणारे बंध. शारीरस्थानात नऊशे स्नायू आणि सोळा कंडरा मोजल्या आहेत. तिथे एक उपमा आहे, ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. फळ्यांची नाव जशी पुष्कळ बंधनांनी नीट बांधलेली असेल तरच पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसं हे शरीर सांध्या-सांध्यांत स्नायूंनी बांधलेलं आहे, म्हणून माणूस भार सहन करतो. हाडांची ताकद, मांसाची ताकद यांवर आपण एरवी खूप बोलतो. बांधणाऱ्या दोरीकडे बघणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

बोटातली दोरी सरळ एकेरी नसते. प्रत्येक बोटात दोन कंडरा येतात, एक वरची आणि एक खोलवरची. बोटाच्या मुळापाशी वरची कंडरा मधोमध दुभंगते आणि खोलवरची तिच्या फटीतून पुढे निघून टोकाच्या हाडापर्यंत जाते, सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तशी. या दोन्ही एका निसरड्या नळीत असतात आणि नळीवर जागोजागी कड्या असतात. त्या कड्यांमुळे बोट वाकताना कंडरा हाडापासून उचलली जात नाही. सगळं इतकं घट्ट बसवलेलं की एक मिलिमीटर जाडीचा फुगवटासुद्धा अडकतो. माझी काच नेमकी इथे शिरली होती. हाताचे सर्जन या पट्ट्याला अनेक वर्षं ‘नो मॅन्स लँड’ म्हणत, कारण इथे तुटलेली कंडरा जागच्या जागी शिवली की ती हटकून चिकटून बसायची. शिवूच नये, नंतर दुसरीकडची कंडरा आणून घालावी, असा दंडक होता. हॅरल्ड क्लाइनर्ट यांनी १९६७ मध्ये आपल्या रुग्णांचे निष्कर्ष मांडले, शिवता येतं आणि चांगलं शिवता येतं हे दाखवलं, तेव्हा सुरुवातीला त्यावर विश्वास बसायला लोकांना वेळ लागला.

माझ्या बाबतीत ती वेळच निघून गेली होती. कापलेलं वरचं टोक स्नायूने ओढून तळहातात नेलं होतं आणि रिकामी नळी आतून वणाने भरून गेली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, "शरीराला भरून काढता येतं. सरकत ठेवता येत नाही." जखम झाली की शरीर तिथे घाईघाईने तंतू ओतायला लागतं. कातडी, नळी, कंडरा, हाड असा भेद त्या घाईत राहत नाही. सगळं एकमेकांना चिकटतं. हाताच्या इतर भागात हे चालून जातं. ज्या वस्तूचं कामच मुळी सरकणं आहे, तिचा त्याने घात होतो.

कंडरा निरोगी असते तेव्हा कशी असते हे पाहिलं की हा घात नीट कळतो. तिच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. उरलेल्यात बहुतांश कोलॅजेन नावाचं प्रथिन. कोलॅजेनचा एक रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ, लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर आणि जाडी दीड नॅनोमीटर. असे रेणू एकमेकांना थोडे थोडे सरकून चिकटतात आणि त्यांचा तंतू होतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या तंतूवर दर ६७ नॅनोमीटरला एक पट्टा दिसतो, मोजपट्टीवरच्या खुणांसारखा. तंतूंचे धागे, धाग्यांचे पेड, पेडांची कंडरा. दोरखंड वळणाऱ्याला हे सांगायची गरज पडणार नाही. पण दोरखंडात नसलेली एक गोष्ट इथे आहे. विश्रांतीत असताना हे तंतू सरळ नसतात, नागमोडी असतात. ओढ बसली की आधी ती नागमोड उलगडते, लांबी साधारण दोन टक्के वाढेपर्यंत कंडरा मऊपणे देते, आणि मग एकदम ताठ होते. चार टक्क्यांच्या पुढे आत बारीक तुटफूट सुरू होते, आठ-दहा टक्क्यांपाशी ती तुटते. या एवढ्याशा टक्क्यांत आपलं सगळं धावणं, उचलणं, लिहिणं बसलेलं आहे. फिनलंडच्या पावो कोमी यांनी जिवंत माणसाच्या टाचेमागच्या कंडरेवर लहानसं मापक बसवून धावताना किती ओढ पडते ते मोजलं होतं. आकडा ९ किलोन्यूटनपर्यंत गेला, म्हणजे शरीराच्या वजनाच्या बारा पटींहून जास्त.

आणि हे सगळं सांभाळायला आत पेशी फार थोड्या. रक्तपुरवठा बेताचा. तंतूंच्या रांगांमध्ये दबून बसलेल्या लांबट पेशी, एकमेकींना बारीक हातांनी धरून. कंडरा कापली की या थोड्या पेशी कामाला लागतात खऱ्या, पण त्यांच्या आधी बाहेरच्या पेशींची गर्दी आत शिरते. पहिल्या आठवड्यांत तयार होणारं कोलॅजेन वेगळ्या, बारीक जातीचं असतं. पुढे महिनोन्महिने त्याची जागा नेहमीचं कोलॅजेन घेत जातं, मात्र मूळची वीण परत येत नाही. मेंढीच्या गर्भात कंडरेला इजा केली तर ती वण न राहता भरते. नुकत्याच जन्मलेल्या उंदराची कंडराही पुन्हा कंडरा म्हणून वाढते. मोठ्या उंदराची नाही. म्हणजे ही विद्या शरीराला येत होती. वाढता वाढता ती हातातून सुटली.

कोपनहेगनच्या काट्या हाइनमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये केलेल्या कामाबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला. पुढे तो वर्षागणिक कमी होत गेला. त्या हवेतून वनस्पतींत, वनस्पतींतून अन्नात, अन्नातून प्रत्येकाच्या शरीरात त्या त्या वर्षाची खूण उतरली. शरीराचा जो भाग सतत नवा होतो त्यात आजची खूण सापडते. जो भाग बदलत नाही त्यात तो घडला त्या वर्षाची. त्यांनी टाचेमागच्या कंडरेचा गाभा तपासला. गाभ्यात वयाच्या सुमारे सतराव्या वर्षापर्यंतचीच खूण होती. त्यानंतर जवळजवळ काहीच नवं घातलेलं नव्हतं. त्याच माणसांच्या स्नायूंमध्ये मात्र नूतनीकरण दिसत होतं.

मी अंथरुणात उठून बसले आणि टाच हातात धरली. ज्या दोरीवर मी आजवर चालले ती मी शाळा संपवेपर्यंत विणून झाली होती. मुलं झाली, आजारपणं झाली, वजन वाढलं, उतरलं, केस पांढरे झाले, आणि ती आतून तीच. किती धीराने टिकली आहे, असं वाटलं, आणि किती एकटीने. मँचेस्टरच्या कार्ल कॅडलर यांच्या गटाने पुढे उंदरांत दाखवलं की जाड, कायमच्या तंतूंच्या अवतीभवती बारीक तंतू असतात आणि ते दिवसरात्रीच्या लयीत येतात-जातात. त्यांच्या मते हे बारीक तंतू दिवसभराची झीज स्वतःवर घेत असावेत आणि कायमचे तंतू त्यामुळे वाचत असावेत. मला या वाक्याने फार बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

माझ्या बोटाचं काम दोन टप्प्यांत ठरलं. पहिल्या शस्त्रक्रियेत वणाने भरलेली नळी साफ केली, कड्या जमतील तितक्या वाचवल्या आणि आत सिलिकॉनची एक गुळगुळीत काडी ठेवली. फिलाडेल्फियाच्या जेम्स हंटर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत. काडी काही ओढत नाही. ती फक्त जागा धरून बसते. तिच्याभोवती शरीर दोन-तीन महिन्यांत एक नवी, निसरडी नळी तयार करतं. तीन महिने ती काडी माझ्या बोटात होती. दुसऱ्या हाताने अनामिका वाकवली की आत काहीतरी सरकतंय हे कळायचं, माझं नसलेलं, थंड नसून थंड वाटणारं. तिची मला किळस आली नाही. मी तिला रोज दहा-दहा वेळा हलवायचे, जागा मोकळी राहावी म्हणून.

त्या तीन महिन्यांत मी कृत्रिम कंडरेबद्दल मिळेल ते वाचलं. एक भाबडा प्रश्न होता: काडी राहू शकते, तर मजबूत दोरीच का नाही ठेवत?

ठेवून पाहिली होती. १९७० आणि ८०च्या दशकांत कार्बनचे तंतू वापरले गेले, पॉलिएस्टरचे पट्टे वापरले गेले, गुडघ्यातल्या, हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधांच्या जागी निरनिराळ्या प्लास्टिकचे धागे बसवले गेले. ताकदीत ते कमी नव्हते. काही तर शरीराच्या दोरीपेक्षा मजबूत होते. पण माणूस वर्षाला लाखो पावलं टाकतो. प्रत्येक पावलागणिक धागा थोडा घासतो, त्याचा भुगा सांध्यात उतरतो, सांधा सुजतो, आणि कधीतरी धागा तुटतो. कार्बनचे कण तर जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेले सापडले. मेलेल्या दोरीला झीज भरून काढता येत नाही, जिवंत दोरी ती रोज थोडी थोडी भरते. म्हणून धागा बसवायचा की ऊती वाढवायची, हा प्रश्न पुढे आला. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ वाकांटी यांनी १९९३ मध्ये ‘सायन्स’मध्ये लिहिलेल्या लेखानंतर ऊती अभियांत्रिकी हा शब्द सगळीकडे झाला. कल्पना सांगायला सोपी आहे: पेशी घ्यायच्या, त्यांना चढायला परांची बांधून द्यायची, वाढीच्या खुणा द्यायच्या, आणि पेशींनी आपली ऊती विणली की परांची विरघळून जायची.

परांची हा शब्द मी मुद्दाम वापरते. इमारत उभी राहीपर्यंत बांबू लागतात, नंतर काढतात. फार लवकर काढले तर भिंत कोसळते, फार उशिरा काढले तर आत राहणाऱ्याला उजेड मिळत नाही. कंडरेच्या परांचीचंही नेमकं हेच दुखणं आहे. ती पेशी तयार होईपर्यंत भार पेलायला हवी आणि पेशी तयार होत जातील तसतशी हळूहळू नाहीशी व्हायला हवी. रेशमातलं प्रथिन, प्राण्यांच्या ऊतीतल्या पेशी धुऊन काढून उरलेली जाळी, शुद्ध केलेलं कोलॅजेन, शरीरात विरणारी बहुवारिकं म्हणजे पॉलिमर, असं बरंच काही वापरून पाहतात. त्यातली एक रीत बघायला मिळाली तर मी तासभर उभी राहीन. बहुवारिकाचं द्रावण पिचकारीत भरतात आणि सुईच्या टोकाला हजारो व्होल्टचा दाब देतात. थेंब गळत नाही, त्यातून केसापेक्षा कितीतरी बारीक धागा हवेत झेपावतो आणि वेगाने फिरणाऱ्या पिंपावर गुंडाळला जातो. पिंप वेगात असेल तर धागे एकाच दिशेने बसतात. अशा धाग्यांवर सोडलेल्या पेशी त्याच दिशेने लांबट होऊन झोपतात. सपाट प्लास्टिकच्या तबकडीत वाढवलेल्या कंडरेच्या पेशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपली ओळख विसरत जातात. आकार बदलतो, करायचं ते कोलॅजेन नीट करत नाहीत. बसायला सरळ रेघ नाही आणि ओढायला कुणी नाही, मग त्यांनी कंडरा म्हणून राहायचं कशाच्या आधारावर?

मँचेस्टरच्याच प्रयोगशाळेतला एक जुना प्रयोग मी मैत्रिणींना इतक्यांदा सांगितला आहे की त्या आता मीच सुरू करायच्या आत पूर्ण करतात. कोंबडीच्या गर्भातल्या कंडरेच्या पेशी रक्ताच्या गुठळीत असतं त्या फायब्रिनच्या मऊ गरात मिसळतात. गर दोन पक्क्या टाचण्यांच्या मध्ये ठेवतात. बाकी काही करत नाहीत. पेशी स्वतःच गर ओढू लागतात. पसरट थर आक्रसत जातो आणि काही दिवसांत दोन टाचण्यांमध्ये एक ताणलेला धागा उरतो. मग त्या पेशी आपल्या अंगातून बोटांसारखे बारीक भाग बाहेर काढतात आणि त्या बोटांतून नवे कोलॅजेन तंतू धाग्याच्या दिशेने घालू लागतात. ही बोटं गर्भातल्या खऱ्या कंडरेत दिसतात तशीच. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की या धाग्यातला ताण काढून घेतला तर पेशी ती बोटं आत ओढून घेतात. टाचण्या हव्यात. पलीकडे कुणीतरी धरून असायला हवं.

इथे मराठी माझ्या मदतीला येते. ओढ या एका शब्दात बळ आहे आणि माया आहे. घराची ओढ, पाण्याची ओढ, दोरीची ओढ. कंडरेच्या पेशीला ओढ कशी कळते याचं एक उत्तर २०२१ मध्ये झुरिकमधल्या जेस स्नेडेकर यांच्या गटाने दिलं. पेशीच्या आवरणात पिएझो-१ नावाचं एक प्रथिन असतं. ते म्हणजे दार. तंतू एकमेकांवरून सरकले की पेशीवर घासणारा दाब येतो, दार किलकिलं होतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशीला कळतं की काम आहे. ज्या उंदरांत हे दार जरा जास्त सहज उघडतं त्यांच्या कंडरा अधिक ताठ निघाल्या. हीच पिएझो प्रथिनं शोधल्याबद्दल आर्डेम पटापूटियन यांना त्याच वर्षी नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. याच्या उलट, कंडरेवरचा ताण पूर्ण काढून घेतला तर आतल्या पेशी स्वतःभोवतीची जाळी पचवणारी विकरं तयार करायला लागतात. न वापरलेलं घर आतून पोखरलं जावं तसं.

म्हणूनच प्रयोगशाळेत कंडरा नुसती वाढवत नाहीत, तिला व्यायाम देतात. द्रवात बुडवलेला धागा यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून काही टक्के ताणायचा, सोडायचा, पुन्हा ताणायचा, दिवसातला काही वेळ, आठवडेच्या आठवडे. ऑक्सफर्डच्या पिएर-अलेक्सी मुथुई यांच्या गटाला हे सरळ रेषेतलं ताणणं अपुरं वाटलं, कारण खऱ्या खांद्यातली कंडरा पिळवटते, दाबली जाते, वळते. २०२२ मध्ये त्यांनी माणसासारखी हाडं आणि दोऱ्या असलेल्या यंत्रमानवाच्या खांद्याला एक लवचिक कोठडी जोडली, तिच्यात माणसाच्या पेशी लावलेले धागे ठेवले, आणि चौदा दिवस रोज अर्धा तास तो खांदा हलवला. पेशी तगल्या, आणि स्थिर ठेवलेल्या पेशींपेक्षा वेगळ्या वागल्या. चांगल्या की वाईट, हे एवढ्यावरून ठरत नाही, असं ते स्वतःच मोकळेपणाने म्हणाले. पण माणूस नसलेला एक खांदा, ज्याला अजून कुणी नाही अशा कुणाच्या तरी कंडरेसाठी रोज अर्धा तास हलतो आहे, हे चित्र माझ्या मनात घर करून आहे. त्या दिवसांत मी स्वतः टेबलाशी बसून सिलिकॉनची काडी हलवत होते.

आज अशी कृत्रिम ऊती माझ्या बोटात बसवता आली असती का? नाही. पेशींनी प्रयोगशाळेत विणलेला धागा खऱ्या कंडरेच्या ताकदीच्या कितीतरी खाली राहतो. आणि ताकद आली तरी ती सरकली पाहिजे. त्याहून कठीण आहे ते टोक. कंडरा हाडाला मिळते तिथे एका मिलिमीटरच्या आसपासच्या जागेत मऊ तंतूंचं हळूहळू कूर्चेत आणि कूर्चेचं खनिज भरलेल्या कूर्चेत, शेवटी हाडात रूपांतर होतं. कुठे एक सुरू होतं आणि दुसरं संपतं ती रेघ सापडत नाही, आणि रेघ नाही म्हणूनच तिथे ती फाटत नाही. शस्त्रक्रियेत आपण मऊ दोरी कठीण हाडाला बांधतो तेव्हा ती रेघ तयार करतो. खांद्याच्या मोठ्या फाटी शिवल्यावर पुन्हा उसवतात त्यामागे हे मोठं कारण आहे. शेजारच्या अस्थिबंधांच्या बाबतीत मात्र एक पाऊल खरंच पुढे पडलं आहे. बोस्टनच्या मार्था मरी यांनी वर्षानुवर्षं काम करून गुडघ्यातल्या तुटलेल्या बंधाच्या दोन टोकांमध्ये ठेवायचा कोलॅजेनचा बोळा तयार केला. रुग्णाचंच रक्त त्यात भिजवतात आणि टोकं त्यातून एकमेकांकडे वाढतात. अमेरिकेत २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याला परवानगी मिळाली. दुसरीकडून बंध आणून बसवण्याऐवजी जागचाच बंध जगवायचा, ही त्यामागची जिद्द मला आवडते.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत मी जागी होते. भूल फक्त हातापुरती. माझ्याच मनगटातली पाल्मारिस लाँगस नावाची बारीक कंडरा काढली. ती बऱ्याच लोकांना जन्मतः नसतेच आणि त्यांचं काही अडत नाही. सिलिकॉनच्या काडीच्या टोकाला ती बांधली आणि काडी बाहेर ओढून काढली, नाडी ओवावी तशी. काडी गेली, मागोमाग माझी कंडरा नव्या नळीत शिरली. तळहातात तिला जुन्या टोकाच्या फटींमधून तीनदा आरपार घालून विणली. बोटाच्या टोकाला हाडातून धागे काढून नखावर एका बटणावर बांधले. सदऱ्याला असतं तसलं बटण. ते सहा आठवडे नखावर होतं, आणि लहान मुलं ते बघायला यायची.

टाके पक्के करण्याआधी डॉक्टर थांबले. "वाकवा."

हिरव्या कापडापलीकडे मला काही दिसत नव्हतं. मी वाकवलं, म्हणजे वाकवायची इच्छा केली. जवळजवळ पाच महिने त्या इच्छेला पलीकडे कुणी धरून नव्हतं. मनगटाच्या वर, खूप आत, काहीतरी ओढलं गेलं आणि त्या ओढीला उत्तर आलं. "आणखी," ते म्हणाले. "पुरे. थोडी सैल आहे, एक टाका मागे घेतो."

पुढचे तीन महिने फिजिओथेरपिस्टकडे गेले. तरुण मुलगी, हात अतिशय हलका. "ताई, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यात जपायचं. आत्ता तुम्हाला बरं वाटतंय, पण आतली शिवण आत्ताच सगळ्यात कच्ची आहे." जास्त ओढलं तर तुटणार, अजिबात ओढलं नाही तर चिकटणार. स्प्लिंटमध्ये हात ठेवून ती माझी बोटं दुसऱ्या हाताने मिटवायला लावायची आणि म्हणायची, "आता फक्त धरून ठेवा. जोर नाही. फक्त धरा." पाच मोजेपर्यंत. मग सोडायचं. दर तासाला. टाचण्यांमधला तो धागा, झुरिकच्या पेशीचं ते दार, यंत्रमानवाचा खांदा, हे सगळं मला त्या पाच आकड्यांत आठवायचं, आणि त्यामुळे मी एकही तास चुकवला नाही.

आता अनामिकेचं टोक तळहाताला टेकायला सव्वा सेंटिमीटर कमी पडतं. पेन धरता येतं. बरणीचं झाकण उघडता येतं. थंडीत बोट उशिरा जागं होतं.

करंगळी आणि अंगठ्याची टोकं जुळवून मनगट थोडं आत वळवलं की डाव्या मनगटावर मधोमध एक बारीक दोरी कातडीखाली उभी राहते. उजव्या मनगटावर तिथे काही उभं राहत नाही. कातडीवर दोन लहान आडव्या रेघा आहेत. मी तिथे बोट ठेवते आणि अनामिका हळूच मिटते. दोरी तिकडे सरकते, ते इकडे बोटाला कळतं.